207 चे बसलेले पाटे आणि मागची उंची

आमच्या घरची टाटा 207 ही पिकअप गाडी गेली सोळा वर्षे जुन्नर तालुक्यातल्या रस्त्यांवर राबते आहे. हंगामात नारायणगावच्या बाजाराला टोमॅटोचे क्रेट, नंतर कांदा आणि एरवी जनावरांची वैरण, असा तिचा शिरस्ता आहे. गेल्या वर्षभरात ती मागून बसू लागली होती. गाडी रिकामी असतानाही मागचा ॲक्सल आणि चासीखालचा रबर स्टॉपर यांच्यामध्ये जेमतेम दोन बोटांची जागा उरली होती, आणि रात्री माळशेज घाट उतरताना समोरचे चालक सारखे डिपर देत, कारण मागची बाजू खाली गेल्यामुळे आमच्या हेडलाइटचा झोत सरळ त्यांच्या डोळ्यांवर जात होता.

गाडी मागून उचलायची हे ठरले, पण कशी उचलायची यावर ज्याला विचारावे त्याचे उत्तर वेगळे होते. म्हणून आधी उंची नेमकी कुठे गेली आहे हे शोधायचे ठरवले. गाडी रिकामी केली, हवा बरोबर भरली, देवळासमोरच्या सपाट फरशीवर उभी केली आणि चाकाच्या मध्यापासून चासीच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजले. जमिनीपासून मोजले तर टायरची झीजही त्यात मिसळते, म्हणून माप चाकाच्या मध्यापासूनच घ्यावे. डावी बाजू उजवीपेक्षा अडीच सेंटिमीटर खाली भरली. मग डाव्या पाट्यांवरचा, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांवरचा, चिखल डिझेल आणि तारेच्या ब्रशने काढला, तेव्हा पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या शेजारी दुसऱ्या पाट्याच्या कडेला तांबूस गंजाची एक बारीक रेघ दिसली. पान्याने दाबले की ती रेघ किंचित उघडत होती. पाटा तिथेच तुटतो, कारण सर्वांत जास्त वाक तिथे येतो आणि भोकामुळे लोखंडही तिथेच कमी असते. त्यात पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट सैल राहिले की पाटे एकमेकांवर हलू लागतात आणि तडा लवकर पडतो.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ॲक्सल आणि पाटा यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालून लांब यू-बोल्ट लावणे. पाटे ॲक्सलच्या वर बसवलेले असतील तर जेवढा ठोकळा तेवढी उंची मिळते, हिशेब सोपा आहे. पण बसलेला पाटा बसलेलाच राहतो, आणि शिवाय ॲक्सलला पीळ घालणारी तरफ लांब होते. भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये चढावर उचलताना ॲक्सलचे तोंड वर फिरू पाहते, पाटा इंग्रजी ‘एस’सारखा वाकतो आणि इंजिनाची ताकद मागच्या ॲक्सलला नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यावर, म्हणजे क्रॉसवर, ताण येतो. लाकडी ठोकळे किंवा एकावर एक रचलेले ठोकळे मला कोणत्याही गाडीखाली पाहवत नाहीत, आणि पुढच्या ॲक्सलला तर ठोकळा घालूच नये, कारण ब्रेक लावताना सगळा भार तिकडेच जातो.

शॅकल, म्हणजे पाट्याचे एक टोक चासीला जोडणारी हलती कडी, लांब करण्याची सूचनाही आली होती. पाट्याचे एकच टोक खाली जात असल्याने शॅकल जेवढी लांब करावी त्याच्या साधारण निम्मीच उंची ॲक्सलपाशी मिळते, म्हणजे पाच सेंटिमीटरसाठी दहा सेंटिमीटर लांब शॅकल हवी. एवढ्या लांब शॅकलवर गाडी वळणावर आडवी डोलते आणि शाफ्टचा कोनही बदलतो. पाट्यांच्या मदतीला बसवतात त्या हवेच्या फुग्यांचा विचार मी फार केला नाही. शेतातल्या काट्याकुट्यांत आणि धुळीत त्यांचा निभाव लागेल असे मला वाटत नाही.

कमान-पाट्याचे काम करणाऱ्या मिस्त्रींनी मात्र ठामपणे सांगितले, “भाऊ, दोन्हीकडे एकेक पाटा वाढवून देतो, परत बघायला नको.” हा उपाय खरोखर विचार करण्यासारखा आहे, कारण जादा पाट्याने उंचीही येते आणि ताकदही. पण नवा ताठ पाटा दमलेल्या पाट्यांमध्ये घातला की भाराचा मोठा वाटा त्या एकट्यावर येतो, आणि रिकामी गाडी खडी-खड्ड्यांतून दगडासारखी आपटते. शिवाय आमच्याकडे एक पाटा तडकलेला होता. त्याच्या शेजारी नवा सोबती देऊन तडा बुजत नाही.

जुन्या पाट्यांना पुन्हा कमान देण्याचा मार्ग मला मनापासून आवडतो. ऐरणीवर पाटा आडवा धरून ठराविक अंतराने घण घालत त्याची कमान जुन्या साच्याशी जुळवत नेणारा कारागीर पाहणे ही शिकण्याची गोष्ट आहे. परंतु पाटा भट्टीत लाल करून वाकवला आणि तसाच हवेत निवू दिला, तर त्याचे पाणी, म्हणजे कडकपणा, जाते आणि काही महिन्यांत तो पुन्हा बसतो. स्प्रिंगचे पोलाद सुमारे 900 अंशांपर्यंत तापवून तेलात विझवावे लागते आणि मग कमी तापमानाला पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढावा लागतो. ही सोय असलेली भट्टी जवळ असेल आणि पाटे निर्दोष असतील, तर हा मार्ग जरूर धरावा.

आम्ही शेवटी मूळ मापाचा नवा संच घेतला, दोन्ही बाजूंना, आणि सोबत बुश, सेंटर बोल्ट व यू-बोल्टही नवे टाकले. यू-बोल्ट एकदा आवळले की ताणले जातात, म्हणून जुने परत वापरू नयेत. खर्च सर्वांत जास्त याच मार्गाला आला, पण गाडीला कंपनीने दिली होती तेवढीच उंची हवी होती, त्याहून जास्त नको होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि इतक्या जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस तपासणीसाठी उभे राहावे लागते. शिवाय पाटे वाढवले म्हणून गाडीची क्षमता वाढत नाही. बेअरिंग, ब्रेक, टायर आणि ॲक्सल तेच असतात. चार क्रेट जास्त बसावेत म्हणून पाटे वाढवणाऱ्या प्रत्येकाला हे कळकळीने सांगावेसे वाटते.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा जोर भाराप्रमाणे कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह चासीवर असतो आणि त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली असते. पाटे बसले की त्याला गाडी भरलेली वाटते आणि पावसात रिकाम्या गाडीची मागची चाके लवकर जाम होतात. उलट ठोकळ्याने गाडी उचलली की त्याला ती रिकामी वाटते आणि भरलेल्या गाडीचा मागचा ब्रेक कमी पडतो. म्हणून उंची बदलली की ही दांडी तपासलीच पाहिजे, आणि ॲक्सलकडे जाणारा ब्रेकचा होज व शॉकअप पूर्ण ताणले तर जात नाहीत ना, हेही चाके लोंबती ठेवून पाहिले पाहिजे.

नव्या पाट्यांवर डावी बाजू सात सेंटिमीटर आणि उजवी साडेचार सेंटिमीटर वर आली. तीनशे किलोमीटरनंतर दोन्ही बाजू साधारण एकेक सेंटिमीटर खाली बसल्या, जे अपेक्षितच होते. त्या दिवशी यू-बोल्ट पुन्हा आवळले, तेव्हा डावीकडच्या एका नटाने पाव फेरा घेतला. संध्याकाळी गोठ्याच्या भिंतीसमोर गाडी लावून हेडलाइटचा झोतही नव्याने बसवून घेतला.