गोव्याला जायला मुंबई गाठली, आणि फोन कुलपात

बेळगावचा माणूस गोव्याला कसा जातो, तर पहाटे जांबोटी रोडला लागायचं, चोर्ला घाट उतरायचा आणि पणजीत जाऊन नाष्टा करायचा. आणि आम्ही काय केलं, तर रात्रभर स्लीपर बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेत बरोबर उलट्या बाजूला मुंबई गाठली, तिथनं जहाजात बसलो आणि दोन रात्री समुद्रात काढून गोव्यात उतरलो. गल्लीत कुणालाही सांगितलं की आधी हसतात आणि मग विचारतात, किती पडले?

कल्पना हिची. मागच्या गणपतीत आरती चालू असताना मी एका हाताने घंटी वाजवतोय आणि दुसऱ्या हाताने कस्टमरला मेसेज टाइप करतोय, अशी क्लिप पोरीनं काढून फॅमिली ग्रुपवर टाकली आणि पुण्याच्या आत्यापासून हुबळीच्या मामापर्यंत सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी पाठवले. माझं उद्यमबागेत छोटं मशीन शॉप आहे, चार लेथ आणि एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), त्यामुळे फोन म्हणजे माझं ऑफिसच. सकाळी सहाला "डिस्पॅच झालं काय" आणि रात्री अकराला "बोअर अंडरसाइझ आलंय, बघा जरा". हिला हे सगळं मान्य आहे, खरं (आमच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात, बाहेरच्यांनी गोंधळू नये) आरतीचं तिला लागलं. म्हणाली, कुठंतरी जाऊया, आणि फोन आणणार असाल तर तुमचं तिकीट काढू नका.

डिसेंबर होता, कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन बेळगावात चालू म्हणून गावात सगळीकडे बॅरिकेड आणि मंत्र्यांच्या गाड्या, तशीही गावात मजा नव्हती. आई-बाबा, आम्ही दोघं आणि नववीतली पोरगी असे पाच जण निघालो.

गंमत बघा, फोन सोडायला जायचं तर आधी फोन पाहिजे. वेब चेक-इन फोनवर, बोर्डिंग पास फोनवर, बॅलार्ड पियरला गेटवर दाखवायचं आधार तेही फोनवर. बाबांनी मात्र सगळ्याची झेरॉक्स काढून प्लास्टिकच्या पिशवीत घातली होती आणि ते आमच्या आधी आत गेले. आईच्या पर्समध्ये शेंगदाण्याच्या चटणीची डबी होती, बाहेरचं खाणं चालत नाही असं लिहिलेलं वाचूनसुद्धा. स्कॅनरवाल्या बाईनं डबी उघडली, वास घेतला आणि परत दिली. कुंदा (आमची बेळगावची दुधाची मिठाई) मात्र बसमध्येच संपला होता.

जहाजात शिरल्यावर एक मुलगा सगळ्यांना सांगत होता की फोन एअरप्लेन मोडवर टाका, कारण जहाजाचा स्वतःचा टॉवर असतो, तो सॅटेलाइटवरनं चालतो, आणि किनारा सुटला की आपला फोन गुपचूप त्याला जाऊन चिकटतो आणि मग रोमिंगचं बिल बघून चक्कर येते. मला हसूच आलं. रोमिंग काय असतं हे सीमाभागातल्या माणसाला शिकवायचं? शिनोळीला कामाला गेलो की फोन महाराष्ट्राचा, परत येताना कर्नाटकाचा, आणि मधल्या शेतात उभं राहिलं तर एका पायावर एक आणि दुसऱ्यावर दुसरा. २०१५ ला बीएसएनएलनं रोमिंगमध्ये इनकमिंग फुकट केलं तोवर आमच्याकडे निम्म्या लोकांच्या खिशात दोन सिम असायची, एक घरचं आणि एक पलीकडचं. बाबा तर म्हणतात, फोनचं काय घेऊन बसलाय, मी जन्मलो मुंबई राज्यात, १९५६ ला घर जागचं न हलता म्हैसूर राज्यात गेलं आणि १९७३ ला त्याचं कर्नाटक झालं, मला कुणी वेलकमचा मेसेज पण पाठवला नाही.

केबिनमध्ये कपाटात छोटी तिजोरी होती, चार आकडी पिनची. चार फोन त्यात गेले. हिचा फोन एअरप्लेन मोडवर टाकून फोटोसाठी बाहेर ठेवला, हे पाच जणांत बहुमताने ठरलं, मी विरोधात होतो. पिन पोरीनं टाकली आणि कुणाला सांगितली नाही.

निघायच्या आधी सगळ्यांना डेकवर उभं करून ड्रिल घेतात, भोंग्याचे सात छोटे आवाज आणि एक लांब ऐकू आला की कुठं जमायचं, लाइफ जॅकेट कसं बांधायचं. आईनं ते इतकं मनावर घेतलं की रात्री लिफ्टचा आवाज झाला तरी मोजायची. मग जहाज हललं आणि उजव्या हाताला गेटवे, ताज, कुलाबा, सगळं ओळखीचं मागच्या बाजूनं दिसायला लागलं. पुढं प्राँग्सचा दीपस्तंभ, १८७५ चा, समुद्रातल्या खडकावर एकटा उभा, आणि डावीकडे लांब खांदेरी.

सगळ्यात भारी गोष्ट मी पाहिली ती पायलटची. मोठं जहाज बंदरातनं बाहेर काढायला बंदराचा माणूस कॅप्टनच्या शेजारी उभा राहून रस्ता सांगतो, आणि बाहेर पडलं की तो जहाज चालू असतानाच कडेला लावलेल्या दोराच्या शिडीवरनं खाली उतरतो, खाली एक छोटी बोट त्याच वेगानं चिकटून पळत असते, आणि योग्य लाट बघून हा तिच्यात पाय टाकतो. डेकवरचे सगळे व्हिडिओ काढत होते. माझा हात खिशात गेला, खिसा रिकामा, म्हणून मग नुसतं बघितलं, आणि आता मला तो माणूस शिडीवर थांबून एकदा वर बघून हात करतो ते अजून दिसतंय. मोबाइलवर काढला असता तर बघितलाच नसता, कारण आधीच्या चार हजार व्हिडिओंपैकी मी परत कुठला बघितलाय.

बाकीच्यांच्या फोनची रेंज तासा-दीड तासात गेली. एक एक जण फोन वर धरून डेकच्या मागच्या टोकाला सरकायला लागला, जसं काही त्या शंभर पावलांत मुंबई जवळ येणार. माझ्या ओळखीतला एक टॉवरवर काम करणारा सांगायचा की टू-जीच्या नेहमीच्या टॉवरला ३५ किलोमीटरपलीकडच्या फोनशी बोलताच येत नाही, सिग्नल जाऊन यायच्या वेळेचं गणितच तिथं संपतं. जहाजाचं वायफाय होतं, पैसे भरून, खरं दोन दिवसांच्या त्या पैशात आमच्या घरी तीन महिन्यांचा रिचार्ज बसतो.

पहिल्या रात्री काय झालं ते सांगायला जरा लाज वाटते. झोप नाही. फोनमध्ये काही महत्त्वाचं असणार म्हणून नाही, शॉप बंदच होतं, सगळ्यांना सांगून आलो होतो. हातच वळवळतो. बोट नुसतं चादरीवर वरखाली फिरत होतं. पहाटे साडेपाचला उठलो आणि अंधारात तिजोरीसमोर बसून पोरीची जन्मतारीख टाकली. लाल दिवा. लग्नाचं वर्ष टाकलं, लाल. आईच्या घराचा नंबर टाकला तर तिजोरी एकदम मोठ्यानं किंचाळायलाच लागली आणि बंद होईना. ही उठली, पोरगी उठली, शेजारच्या केबिनमधनं बाबा बाहेर आले, आई तर जॅकेट शोधत होती. शेवटी जहाजाचा एक माणूस आला, त्यानं मशीन लावून ती उघडली आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की रोज एक तरी असा असणार. पोरीनं त्याच्यासमोरच परत पिन टाकून बंद केली. मी म्हटलं, निदान आता तरी सांग, तर म्हणते, "मी विसरलो." कॉरिडॉरमधली एक मुंबईची मुलगी हसायला लागली, मुलगी असून "विसरलो" का म्हणते म्हणून. आमच्याकडे पोरीसुद्धा जातो-येतो म्हणतात, हे तिला आईनं पंधरा मिनिटं समजावलं.

दुसरा दिवस नुसता समुद्र. कार्यक्रमाचा कागद दाराखालनं येतो, कुठल्या डेकवर काय, किती वाजता. पैसे कार्डवर, समुद्रात यूपीआय कुठलं चालायला, त्यामुळे चहा घेतानासुद्धा फोनची गरज नाही. खाणं भरपूर आणि सगळ्याची चव थोडीफार एकच, आईची डबी तिसऱ्या जेवणाला संपली. गाणी, जादू, बिंगो वगैरे असतं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

बाबा निवृत्त भूगोलाचे मास्तर. घरी ते काही सांगायला लागले की दुसऱ्या वाक्याला आमच्यातलं कुणीतरी गुगल करतं आणि त्यांचं वाक्य तिथंच मरतं, हे मला इथं लक्षात आलं. रेलिंगला टेकून त्यांनी पोरीला विचारलं, ते क्षितिज किती लांब आहे? ती म्हणाली, शंभर किलोमीटर. बाबांनी बिंगोच्या कागदाच्या मागच्या बाजूला पेनानं मांडलं: डोळ्याची उंची मीटरमध्ये घे, वर्गमूळ काढ, ३.५७ नं गुण. आपला डेक पाण्यापासून २५ मीटर धर, वर्गमूळ पाच, म्हणजे जवळजवळ १८ किलोमीटर. फक्त अठरा? म्हणजे आमच्या घरापासून, अनगोळपासून, सांबरा विमानतळाच्या थोडं पुढं? ती तासभर वेगवेगळ्या डेकवर चढून उतरून क्षितिज मोजत होती. मी पण. मला वाटतं मी शाळा सोडल्यानंतर पहिल्यांदा वर्गमूळ हातानं काढलं.

तिथंच मालवणचे एक आजोबा भेटले, मुलाकडे मुंबईला राहतात. त्यांनी लहानपणापासून हा प्रवास बोटीनं केलेला, भाऊच्या धक्क्यावरनं, कोकण सेवक आणि कोकण शक्ती या बोटींनी. खालच्या डेकला चटया टाकून जागा धरायची, रात्रभर ओकाऱ्या, आणि मालवण-वेंगुर्ल्याला बोट धक्क्याला लागायचीच नाही, लांब उभी राहायची, मग पडाव, म्हणजे माणसं-सामान उतरवायच्या होड्या, यायचे आणि हेलकावे खाणाऱ्या पडावात ट्रंका, कोंबड्या, म्हाताऱ्या सगळं एकदम उतरवायचं. पावसाळ्यात बंद. माझ्या आजीचं माहेर वेंगुर्ल्याचं, ती या पडावाला इतकी घाबरायची की मुंबईला जायचं असलं तरी आधी आंबोली चढून बेळगावला यायची आणि रेल्वे पकडायची. म्हणजे उलटा प्रवास आमच्या घराण्यातच आहे म्हणायचा.

त्या रात्री दहाच्या सुमारास डाव्या हाताला लांब एक दिवा लुकलुकायला लागला. दीपस्तंभ. बाबा म्हणाले, रत्नागिरी. मालवणचे आजोबा म्हणाले, देवगड. झालं. प्रत्येक दीपस्तंभाची लुकलुकायची चाल वेगळी ठेवलेली असते, किती सेकंदांनी किती झोत, त्यावरनंच खलाशी ओळखतात, त्यामुळे बाबांनी मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं आणि आजोबा तोंडानं एक-दोन-तीन म्हणायला लागले. दोघांचे आकडे जुळेनात. मधनं ढग आला. बाबांनी जहाजाचा वेग काढला, आजोबांनी तो खोडला. एक गुजराती कुटुंब बाजूला उभं होतं, त्यांनी अलिबाग सांगितलं, त्यांना दोघांनी मिळून गप्प केलं. अकरा, साडेअकरा, डेकवर गार वारा, आईनं शाल आणून बाबांच्या खांद्यावर टाकली आणि त्यांना कळलंसुद्धा नाही. आता घरी असतो तर हे भांडण चार सेकंद चाललं असतं. मी चार माणसांना बोलावून आणलं, जहाजावरच्या एका वेटरला विचारलं, तो दार्जिलिंगचा निघाला. पोरीनं हिच्या फोनवर दोघांचा बोट दाखवून ओरडतानाचा फोटो काढला. निर्णय लागला नाही. दिवा मागं गेला आणि दोघं एकमेकांना गुड नाइट न करता झोपायला गेले, सकाळी मात्र नाष्ट्याला एकाच टेबलावर, आणि बाबांनी त्यांचा नंबर डायरीत लिहून घेतला, पेनानं.

मुरगाव बंदरात उतरताना तिजोरी उघडली. फोन चालू केले तर माझा पाच मिनिटं नुसता थरथरत होता. चारशेच्या वर मेसेज, त्यात कामाचे सहा, त्या सहातल्या चारांचं उत्तर पुढच्या मेसेजमध्ये त्यांनीच दिलेलं होतं. मेव्हणे बेळगावहून गाडी घेऊन आले होते, साखळीवरनं घाट चढायला लागलो, आणि चोर्ल्याला रेंज गेली. नेहमीसारखी. इतकी वर्षं जाते, तिथं कधी कुणी पैसे भरले नाहीत. कणकुंबीला चहाला थांबलो तेव्हा मेव्हणे फोन वर धरून रस्त्यावर फिरत होते आणि पोरगी त्यांच्याकडे बघून हसत होती.

पुढच्या रविवारी अनगोळला घरी पोरीनं तो फोटो उघडला. एअरप्लेन मोडवर असलं तरी फोनला जीपीएस कळतो, हे मला माहीत नव्हतं. फोटोच्या खाली नकाशा, आणि नकाशावर समुद्रात एक टिंब, विजयदुर्गासमोर. रत्नागिरी वर, देवगड खाली, आणि टिंब दोन्हींच्या मधे. बाबांनी चष्मा पुसून बघितलं, परत बघितलं.

"हा फोटो दिवा दिसल्यावर तासानं काढलाय. आणि गुगल काय डेकवर उभं होतं काय?"

मग त्यांनी डायरी काढली आणि माझाच फोन मागून घेऊन नंबर फिरवला, स्पीकरवर. तीन रिंगनंतर पलीकडनं आवाज आला.

"हां मास्तर, रत्नागिरी सोडून काय ता बोला."