फुकटचा डबा

कागद गिरणीने माल नाकारला की ट्रकसोबत चिठ्ठी येते. त्या सकाळच्या चिठ्ठीत एवढंच होतं : ओलावा जास्त, काच सापडली. भरून गेलेला ट्रक तसाच वर्गीकरण केंद्राच्या दारात उभा होता आणि जाण्यायेण्याचं भाडं नगरपालिकेच्या माथी.

मी घनकचरा विभागात अभियंता आहे. गिरण्या कडक झाल्यात याचं मला नवल वाटत नाही. 2018 मध्ये चीनने आयात होणाऱ्या रद्दीतल्या भेसळीची मर्यादा 0.5 टक्क्यांवर आणली, तेव्हापासून जगभरच्या बाजारात रद्दीची पारख बदलली. शिवाय गिरणीचंही खरं आहे. काचेचा चुरा लगदा करणारी यंत्रं झिजवतो, भिजलेल्या पुठ्ठ्याला बुरशी धरते, आणि पाण्याला कागदाचा भाव कोण देईल? युरोपातलं ईएन 643 हे मानक 10 टक्क्यांपर्यंत ओलावा धरून चालतं. त्यावरचं वजन गिरणी कापून घेऊ शकते. आमचा माल तर वजनकाट्याच्या पुढेच गेला नव्हता.

लगेच बैठक झाली. निदान ठरलेलं : लोक कचरा वेगळा करत नाहीत. उपायही ठरलेला : नवी माहितीपत्रकं छापा. माहितीपत्रकांवर माझा फारसा भरवसा नाही (छापणाऱ्याचं भलं होतं, इतकंच), पण तिथे वाद घालत बसण्यापेक्षा मी खाली आवारात गेले आणि एक गठ्ठा सोडायला लावला.

तारा कापल्या. बाहेरचे थर कोरडे, कडक. वीतभर आत हात घातला तर पुठ्ठा गार आणि लिबलिबीत, त्याचे पदर सुटून बोटांना चिकटत होते. मधोमध गाठ मारलेली एक काळी पिशवी, दाबयंत्राखाली चपटी झालेली. फाडली तर आत कॉफीचे कागदी कप, टिश्यूचे बोळे, पेय शिल्लक असलेल्या बाटल्या आणि एका काचेच्या ग्लासाचा भुगा.

पट्ट्यावर निवडायचं काम करणाऱ्या ताई बघत होत्या. म्हणाल्या, "मॅडम, हा घरांचा माल नव्हे. घरचं खोकं बारकं असतं, वर पत्त्याची चिठ्ठी असते. ही सगळी गोदामाची खोकी. आणि हा माल आमच्या हातून गेलाच नाही. रात्रीची गाडी थेट दाबयंत्राकडे जाते."

तसंच होतं. दुकानं-कार्यालयांचा पुठ्ठा स्वच्छच असणार असं धरून तो पट्ट्यावर घ्यायचाच नाही, अशी जुनी पद्धत होती.

मग दोन्ही मार्गांचा त्या दिवशीचा ताजा माल फरशीवर ओतून घेतला. ढीग कालवायचा, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून उरलेले दोन पुन्हा कालवायचे, हातात निवडण्याजोगा नमुना उरेपर्यंत. घरांच्या ढिगात न विसळलेले डबे होते, गोळ्यांची रिकामी पाकिटं होती, तुटकी खेळणी होती. म्हणजे "होईल याचं काहीतरी" अशा आशेने टाकलेलं. व्यापारी ढिगात मात्र पुन:पुन्हा त्याच गाठ मारलेल्या काळ्या पिशव्या. हे न कळण्यातून झालेलं नव्हतं.

संध्याकाळी त्या मार्गावरच्या एका कार्यालयीन इमारतीत गेले. मजल्यांवर सगळं चोख : रंगीत डबे, नजरेच्या उंचीवर चित्रं, कागदाच्या डब्याला फक्त चीर, जेणेकरून कप आत जाऊच नये. मागच्या बाजूला आमचे दोन मोठे डबे. मिश्र कचऱ्याचा ओसंडून वाहत होता, पुठ्ठ्याचा अर्धा रिकामा. सफाईच्या ठेकेदाराचा माणूस पिशवी घेऊन आला आणि माझ्यादेखत ती पुठ्ठ्याच्या डब्यात टाकली. मी विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "मिश्रचा भरला की यातच टाकायला सांगितलंय, मॅडम. तो जादा वेळा उचलला तर बिल वाढतं. याचं बिल येत नाही."

त्याचं गणित बिनचूक होतं. आमच्या दरपत्रकात मिश्र कचऱ्याला प्रत्येक फेरीचे पैसे आणि सुक्याला शून्य. वेगळं करणाऱ्याला सवलत म्हणून ठेवलेलं ते शून्य भरलेल्या डब्यावरचा उतारा झालं होतं. इथे कोणतं चित्र लावणार? शिवाय चित्रं मजल्यावरच्या लोकांसाठी होती, आणि पिशवी खाली आणणाऱ्याशी आमच्यापैकी कुणी कधी बोललंच नव्हतं.

शून्य सरळ काढून टाकणंही शहाणपणाचं नाही. मग वेगळं करायचं कारणच उरत नाही. दक्षिण कोरियाने 1995 मध्ये मिश्र कचऱ्यासाठी विकतच्या पिशव्या सक्तीच्या केल्या, पण त्याबरोबर चोरून टाकणाऱ्याला दंडही ठेवला. पैशाचा दट्ट्या तपासणीशिवाय चालत नाही. म्हणून प्रस्ताव असा दिला : उचलताना गाडीवरच्या माणसाने झाकण उघडून बघायचं, पिशव्या दिसल्या तर फोटो काढून त्या डब्याला चिठ्ठी लावायची आणि ती फेरी मिश्र कचऱ्याच्या दराने लावायची. स्वच्छ निघाला तर शून्य कायम. ठेकेदाराच्या माणसांसाठी वेगळी बैठक, त्यांच्या पाळीच्या वेळेत.

लेखा विभागाने विचारलं, झाकण उघडण्यात जाणारा वेळ कोण भरून देणार? रास्त प्रश्न आहे. परत आलेल्या ट्रकचं भाडं आणि हातचा गेलेला भाव जोडून मी त्यांना हिशेब दिला, तो अजून त्यांच्या टेबलावर आहे. तोवर रात्रीचा माल पट्ट्यावरून घेतो, त्याचे गठ्ठे वेगळे बांधतो आणि तसं सांगूनच दुसऱ्या एका गिरणीला कमी भावात देतो.