लसणाचा वास येणारं तण आणि शाळेचे ७५ तास

मेरीलँडमध्ये बारावी पास व्हायला नुसते मार्क पुरत नाहीत. ७५ तास समाजसेवा केल्याची नोंद लागते, नाहीतर डिप्लोमा, म्हणजे शाळा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, मिळत नाही. राज्याने हा नियम १९९२ साली केला आणि १९९७ च्या बॅचपासून तो लागू झाला. राज्यभर अशी सक्ती करणारं अमेरिकेतलं हे पहिलं राज्य. आम्ही राहतो त्या माँटगोमेरी काउंटीत पाचवी संपली की सुट्टीपासूनच तास मोजायला सुरुवात होते. कामाचे पैसे घ्यायचे नाहीत आणि काम केल्याची खात्री देणारी सही आईवडिलांची चालत नाही.

माझी लेक हे तास पार्कात भरते. इथल्या पार्क खात्याचा 'वीड वॉरियर्स' नावाचा उपक्रम १९९९ पासून चालू आहे. बाहेरून आलेल्या आणि जंगल गिळत सुटलेल्या वनस्पती काढणं हे त्यांचं काम. आम्ही स्लायगो क्रीकच्या काठाला जातो.

एप्रिलमध्ये तिथे गार्लिक मस्टर्ड माजलेलं असतं. पान चुरगळलं की लसणाचा वास येतो, आणि फुलं पांढरी, चार पाकळ्यांची. युरोपातून आलेल्या लोकांनी ते खाण्यासाठी आणलं होतं. इथली हरणं त्याला फारसं तोंड लावत नाहीत, त्यामुळे ती आजूबाजूची देशी रोपं खातात आणि याला मोकळं रान मिळतं. शिवाय त्याच्या मुळांतून जी रसायनं झिरपतात, ती झाडांना पोसणाऱ्या मातीतल्या बुरशीला मारक ठरतात.

मुलांना हे सगळं आधी समजावून सांगतात, मगच हातमोजे देतात. आमच्या गटाच्या प्रमुख एक निवृत्त बाई आहेत. त्या गुडघ्यावर बसून एक रोप उपटून दाखवतात. मूळ जमिनीलगत इंग्रजी एस अक्षरासारखं वळलेलं असतं. घाईने ओढलं तर ते तिथेच तुटतं आणि रोप पुन्हा फुटतं. म्हणून बुंध्याशी धरायचं आणि हळूहळू, सरळ वर ओढायचं. फुलावर आलेलं रोप तिथेच टाकून चालत नाही, कारण उपटल्यावरही त्यात बी तयार होतं. ते पिशवीत भरून बाहेर न्यायचं. झाडावर चढलेल्या इंग्लिश आयव्हीचं तंत्र वेगळं. वेल ओरबाडून काढायचा नाही, सालीला इजा होते. खोडाभोवती खालून कापायचा, वरचा भाग आपोआप वाळतो. आणि तीन पानांच्या पॉयझन आयव्हीला हातच लावायचा नाही. ती इथलीच आहे, पक्षी तिची फळं खातात, आणि आपल्या अंगावर मात्र तिने फोड येतात.

मला वाटतं, सक्तीची सेवा अंगी लागायची असेल तर आधी काम नीट शिकवणारं माणूस हवं. इथे तयारी, प्रत्यक्ष काम आणि नंतरचं मनन असे तीन टप्पे ठरलेले आहेत. तिसरा टप्पा बरीच मुलं फॉर्मवर दोन ओळी खरडून उरकतात, आणि नुसते तास मोजण्याची ही उणीव आहेच. पण त्याच पट्ट्यात पुढच्या वसंतात परत गेलं की फरक डोळ्यांना दिसतो. साफ केलेल्या जागी व्हर्जिनिया ब्लूबेल्स या इथल्याच रानफुलांचे निळे झुबके आले होते, तेव्हा लेक शेजारच्या मुलाला ती जागा बोट दाखवून दाखवत होती. त्या दिवशी तासांचा विषय तिने काढलाही नाही.

आपल्याकडे एन.एस.एस., म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. तिथे वर्षाला १२० तास असतात, म्हणजे दोन वर्षांत २४०. इथल्यापेक्षा कितीतरी जास्त! हात भरपूर आहेत आणि कामही समोरच आहे. टेकड्यांवर घाणेरी आणि रानमोडी, रिकाम्या प्लॉटवर गाजर गवत. गाजर गवतही फुलायच्या आतच, हातमोजे घालून उपटायला हवं, नाहीतर अंगाला खाज सुटते आणि बी सगळीकडे पसरतं. वृक्षारोपणात फोटो चांगले येतात, तण काढण्यात येत नाहीत. पण लावलेलं रोप जगायचं असेल तर हे दुसरं काम कोणीतरी दरवर्षी, त्याच जागी केलं पाहिजे.

तुमच्यापैकी कोणी एन.एस.एस.चं काम बघत असेल आणि मुलांना घेऊन एकाच टेकडीवर सलग काही वर्षं घाणेरी काढत असेल, तर जरूर लिहा. ती मुळापासून कशी काढता आणि नंतर तिथे काय उगवतं, हे मला इथल्या मुलांना सांगायचं आहे. आमच्याकडे आता ऑगस्टची तयारी आहे. जपानी स्टिल्टग्रास हे बाहेरून आलेलं गवत बी धरायच्या आत उपटायचं आहे.