मोसंबी झालेलं संत्रं

भिंत रंगवायच्या आधी थोपटून पाहावी. बद्द वाजली तर आतून गिलावा सुटलाय. तिथे ताडोबाचा वाघ काढा की दीक्षाभूमीचा घुमट, दोन पावसाळ्यांत पोपड्यासकट खाली येणार. २०२३च्या मार्चमध्ये सी-२०च्या (जी-२०मधल्या नागरी संस्थांच्या गटाच्या) पाहुण्यांसाठी नागपूर सजलं, तेव्हापासून तर कोरी भिंत दिसली की कुणाचा तरी हात शिवशिवतोच. भिंतीला मात्र घाई मानवत नाही. नवा गिलावा २८ दिवस तसाच सोडायचा, नाहीतर सिमेंटमधला क्षार रंगातून पांढरा फुटतो. जुनी भिंत तारेच्या ब्रशने घासून, धुऊन, वाळवून भेगांत बाहेरच्या कामाची लांबी (पुट्टी) भरायची. पीओपी स्वस्त पडतं आणि पहिल्या पावसात फुगतं.

दहा बाय वीस फुटांच्या भिंतीला प्रायमरचा एक हात, मग इमल्शनचे (पाण्यात कालवायच्या रंगाचे) दोन हात, त्याला साधारण चार लिटर. सूत मारून फुटाफुटाच्या चौकटी आखल्या की वाघाचा डोळा जागेवर बसतो.

खरी परीक्षा उन्हाची. पारा ४५ला टेकला की पश्चिमेकडच्या भिंतीवर एक पट्टा दुसऱ्याला मिळण्याआधीच वाळतो आणि जोड कायमचा दिसतो. त्यावर तोडगा म्हणून पाणी वाढवलं की वर्षभरात रंग खडूसारखा हाताला लागतो. काम सकाळी दहापर्यंतच. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, तर परांची बांधूच नये.

आणि आपलं संत्रं! ते प्रत्येक भिंतीवर हवंच. पण भडक लाल-पिवळे स्टेनर (रंगात मिसळायचे घट्ट रंग) उन्हात आधी उडतात. पिवळ्याने दगा दिला तर फळ गुलाबी पडतं, लालने दिला तर मोसंबी होते. खाली गेरू आणि रामरजाचा (पिवळ्या मातीचा) हात देऊन भडक रंग वरून थोडाच लावला, तर उडाल्यावरही फळ ओळखू येतं. तळाचे तीन फूट गेरूचा पट्टाच ठेवावा. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणारे थुंकताना खाली चित्र आहे का ते बघत नाहीत, आणि पट्टा दरवर्षी नव्याने मारता येतो.

महाल या जुन्या वस्तीतल्या वाड्यांचं गणित वेगळं. चुन्या-विटांच्या भिंतीवर प्लॅस्टिकसारखा थर चढवला की ओल आत कोंडते आणि विटाच भुगा होऊ लागतात. तिथे गाळलेल्या पातळ चुन्यात गेरू कालवून तीन पातळ हात द्यावेत; चित्र फिकं दिसेल, चालेल. तिथल्याच गांधीगेट या जुन्या वेशीच्या दगडाला तर ब्रश लावूच नये.