मिल्ट्रीवाले, खरे अन् खोटे

प्लास्टिकचा सैनिक हातात आला की माणूस आधी त्याचं तोंड बघतो, मग बंदूक बघतो, पण त्याची खरी कुंडली असते ती बुडाला. तो ज्या चपट्या पट्टीवर उभा असतो तिला आम्ही जमवणारे लोक बेस म्हणतो. ओरिजिनल असला तर त्या बेसखाली बारीक उठावाच्या अक्षरात कंपनी अन् देश असतो, एअरफिक्स, ब्रिटन्स, मेड इन इंग्लंड वगैरे. आता कॉपी करणारा हे नाव कशाला ठेवील, तो साच्यात तेवढी जागा बुजवून टाकतो, म्हणून तिथं एकतर नुसता गुळगुळीत चट्टा दिसतो नाहीतर 'मेड इन हाँगकाँग', नाहीतर 'एम्पायर मेड'. हे एम्पायर मेड मला फार आवडतं. हाँगकाँग तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होतं, अन् हाँगकाँग म्हटलं की गिऱ्हाईकाला स्वस्तातला माल वाटायचा, मग साम्राज्यात बनवलं एवढंच लिहायचं. खोटं बोललो नाही अन् खरं सांगितलं पण नाही.

आमच्या परभणीला तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात हे मिल्ट्रीवाले पन्नीच्या पाकिटात मिळायचे, सगळे एकाच मेंदी रंगाचे, काही पाकिटातच पाय मोडलेले. ओरिजिनल नावाची काही चीज असते हे कुणाला माहीत होतं? कंपनीचं म्हणून घरात काय यायचं तर बिनाका टूथपेस्टच्या खोक्यातलं चिमुकलं जनावर, बस. त्यामुळं मोठेपणी जेव्हा खऱ्या एअरफिक्सचा पॅराट्रूपर पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा ओळखीचा माणूस अचानक उंच झाल्यासारखा वाटला, बुटाच्या लेस दिसत होत्या, बोटं वेगवेगळी होती, अन् मुख्य म्हणजे त्याला नाक होतं.

उंचीचा हा मामला भास नाही बरं का, त्यामागं सरळ हिशोब आहे. हे सैनिक बहुतेक पॉलिथिनचे. गरम पॉलिथिन साच्यात दाबून भरतात अन् ते थंड होताना दोन-तीन टक्के आकसतं. ओरिजिनल कंपनी हे आधीच धरून मूळ नमुना तेवढा मोठा घडवते. पण कॉपीवाला काय करतो, दुकानातून तयार सैनिक आणतो, त्याच्यावरूनच साचा काढतो, अन् त्यातून निघणारा परत आकसतो. म्हणजे ५४ मिलीमीटरचा बाप, साडेबावन्नचा पोरगा, अन् त्या पोरावरून कुणी परत साचा काढला की नातू एक्कावन्नच्या आसपास. मी एकाच पोझचे सैनिक लायनीत उभे करतो अन् मोजपट्टी लावतो, तेव्हा कोण कुणाच्या पोटचा ते बरंचसं कळतं. काही कारखाने तर पँटोग्राफ, म्हणजे नमुन्याची लहान आकारात नक्कल उतरवणारं यंत्र, वापरून मुद्दामच बारके करायचे, प्लास्टिक वाचतं ना, ते मग एकदम मुरमुऱ्याएवढे निघतात, त्यांना या वंशावळीत धरत नाही मी.

अन् उंचीसोबत काय काय जातं ते बघण्यात खरी मजा आहे. साचा दोन पाटांचा असतो, दोन्ही बाजूनं सरळ उघडला पाहिजे, म्हणून हात अन् छातीच्या मधली जी फट असते ती नीट निघत नाही, कॉपीवाला ती सरळ भरून टाकतो. मग बंदूक छातीला चिकटते, पाण्याची बाटली कमरेत विरघळते, वायरलेसवाल्याचा अँटेना जातो. दोन पाट नीट बसले नाहीत की कानापासून बुटापर्यंत पापुद्रा येतो. सगळ्यात भारी म्हणजे ज्या नगावरून साचा काढला त्याच्या बंदुकीचं टोक मोडलेलं असलं तर पुढं निघणारे सगळेच्या सगळे आखूड बंदुकीचे. एका सैनिकाचा अपघात अन् सगळी पलटण जन्मापासून लंगडी! सुरुंग शोधणारा एक असतो, लांब दांडा अन् खाली थाळी, त्याची थाळी आमच्याकडच्या मालात बुजून नुसती काठी राहायची अन् आम्ही लेकरं त्याला पाणाड्या म्हणायचो, बोअर कुठं घ्यायचा ते सांगणारा. मला अजून पण तो तसाच दिसतो.

आता थोडं मागचं. ब्रिटन्स ही जुनी कंपनी, १८९३ पासून शिशाचे पोकळ सैनिक करायची, ते शिशाचं काम १९६६ ला बंद झालं. प्लास्टिकचे सैनिक अमेरिकेत १९३८ ला बेटन नावाच्या कंपनीनं काढले, अन् एअरफिक्सचे बारके, इंचाला पण जरा कमीच, १९५९ पासून. ब्रिटन्सनं १९७१ ला डीटेल नावाची मालिका काढली तिला बेस धातूचा, म्हणून ती ओळखायला सोपी, हातात घेतला की वजन लागतं, कॉपीला बेस प्लास्टिकचाच. पण हाँगकाँगवाल्यांना कंपनीशी काही घेणंदेणं नव्हतं, एकाच पाकिटात अमेरिकन, जर्मन, जपानी सगळे एका रंगात कोंबायचे. दुसरं महायुद्ध त्यांनी पाकिटातच मिटवलं होतं.

रविवारी औरंगाबादला (संभाजीनगर म्हणा, जिभेला वळण पडायला वेळ लागतो) जाफर गेटच्या बाजारात चक्कर मारली की नटबोल्ट, जुने चार्जर, बाहुल्यांची मुंडकी यात कधीमधी एखादा सापडतो. तिथले एक चाचा आता ओळखतात मला. "आओ साब, आपका फौजी रख्या मैं." मी उलटा करून बेस बघतो तर ते म्हणतात, "सिधा देखो ना साब, उल्टा क्या देखरे!" दहा-वीस रुपयाला देतात. घरी आलं की बादलीत टाकायचा. पॉलिथिन तरंगतं, कडक पॉलिस्टायरीन बुडतं, म्हणजे निदान माल कशाचा ते कळलं. वाकलेली बंदूक असली तर गरम पाण्यात धरायची, सरळ करायची अन् लगेच थंड पाण्यात. हे सगळं न्हाणीत चालतं, बायको म्हणते, "अव्हो, लेकरं तिकडं अभ्यास करालेत अन् तुम्ही इकडं काय खेळालाव?" याला उत्तर नाही.

खरा दुश्मन कॉपीवाला नाही, ऊन आहे. जुनं पॉलिथिन उन्हानं अन् वयानं ठिसूळ होतं, वरून ठणठणीत दिसतं अन् उचललं की घोट्यातून कडकन तुटतं. आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेल्या डब्याचं काय होत असंल विचार करा. त्यावर इलाज म्हणून लोक कायकाय सांगतात, वार्निश मारा, गोंदात बुडवा, पण एकदा ठिसूळ झालेलं परत लवचिक होत नाही. अंधारात, गार जागी ठेवायचं अन् कमी हाताळायचं, एवढंच.

एअरफिक्सचे वॉटर्लूचे हायलँडर पण आहेत माझ्याकडं, घागरा घातलेले स्कॉटिश. ते बघितले की मला बेल्जियम नाही, आपलं असई आठवतं, जालना जिल्ह्यातलं. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा हाच वेलिंग्टन, तेव्हाचा वेलस्ली, शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला, सोबत ७४ अन् ७८ नंबरच्या स्कॉटिश पलटणी, अन् शिंद्यांच्या तोफांनी ७४ नंबरवाल्यांची पार दाणादाण उडवली. वॉटर्लूचे सैनिक पेटीनं मिळतात. शिंद्यांचा गोलंदाज प्लास्टिकमध्ये मी अजून पाहिला नाही, ओरिजिनल नाही अन् डुप्लिकेट पण नाही. कॉपी करायला सुद्धा आधी कुणीतरी एक बनवावा लागतो.

बाकी हल्ली व्हॉट्सॲपवर लोक फोटो पाठवतात, "आजोबाच्या पेटीत निघाला, ओरिजिनल आहे का, किती येतील?" फोटो एकदम झ्याक, उजेड चांगला, मागं फुलाचं झाड, सैनिक समोर तोंड करून उभा. मी आपलं परत लिहितो, दादा, तोंड नको, बूड पाठवा, अन् बाजूला शाळेची पट्टी ठेवा. त्यावर बहुतेक लोक निळी टिक देऊन गप होतात, एक जण मात्र चिडला, म्हणला, तुम्हाला घ्यायचा नाही तर सरळ सांगा ना.