सेलोटेपचा एक वेढा : दोन टप्प्यांच्या मॉडेल रॉकेटची कामनोंद

काम : १८ मि.मी. मोटर घेणारं दोन टप्प्यांचं रॉकेट. बॉडी ट्यूब बीटी-५०, म्हणजे बाहेरून २४.८ मि.मी. आत मोटरसाठी बीटी-२० ट्यूब आणि ती मध्यावर धरणाऱ्या पुठ्ठ्याच्या सेंटरिंग रिंगा. फिन, म्हणजे शेपटाचे पंख, बाल्सा या हलक्या लाकडाचे, २.४ मि.मी. जाड. वरच्या टप्प्याला चार, बूस्टरला म्हणजे खालच्या टप्प्याला चार, बूस्टरचे मोठे. मोटर एस्टेस या अमेरिकी कंपनीच्या, काळ्या बारूदाच्या. अमेरिकेत या छंदाचा बराचसा बाजार अजून कोलोरॅडोतल्या पेनरोझच्या तिच्या कारखान्याभोवती फिरतो असं म्हटलं तरी कुणी भांडायला येणार नाही.

जोड आधी, बाकी सगळं नंतर

किटमधल्या कागदावर काम नाकापासून सुरू होतं. आपण ते शेपटीपासून सुरू केलं. दोन टप्प्यांचं रॉकेट फसतं ते बहुतेक वेळा दोन मोटर जिथे भेटतात त्या जागी, आणि ती जागा गोंद सुकल्यावर दुरुस्त होत नाही.

मोटरच्या नावातलं अक्षर तिची एकूण ताकद सांगतं, ए पेक्षा बी मोठी, बी पेक्षा सी. 'बी६-०' किंवा 'सी६-०' यातला शेवटचा शून्य म्हणजे बारूद संपल्यापासून पॅराशूट फेकेपर्यंतचा विलंब शून्य सेकंद. या मोटरला वर मातीची टोपी नाही, विलंबाचा मसाला नाही, पॅराशूट बाहेर फेकणारा बारही नाही. बारूद नळीच्या टोकापासून वर जळत जातं. शेवटचा पातळ थर उरला की तो आतल्या दाबानं फुटतो आणि तापलेला वायू, जळते कण सरळ वरच्या मोटरच्या नॉझलमध्ये, म्हणजे वायू बाहेर पडण्याच्या तोंडात, घुसतात. वरची मोटर पेटते ती अशी. वरच्या नॉझलमध्ये इग्नायटर (विजेनं पेटणारी वात) घालायचा नाही, वॅडिंग (पॅराशूटला आचेपासून वाचवणारा न जळणारा कागद) घालायचं नाही, काहीच घालायचं नाही. नवखे लोक तिथे 'संरक्षण' म्हणून वॅडिंगचा बोळा ठेवतात आणि मग वरचा टप्पा न पेटता दगडासारखा खाली येतो.

कंपोझिट, म्हणजे रबरासारख्या इंधनाच्या मोटरवर ही युक्ती चालत नाही. तिचं इंधन मधल्या पोकळीतून बाहेरच्या बाजूला जळतं, वरच्या टोकाला फुटायला थर नसतो. तिथे टायमर किंवा अल्टिमीटर (उंची मोजणारं यंत्र) आणि वेगळा इग्नायटर लागतो.

दोन्ही मोटर एकमेकींना टेकवून जोडावर साध्या पारदर्शक सेलोटेपचा एकच वेढा द्यायचा. टेप साधारण १२ मि.मी. रुंद, टोक दोन-तीन मि.मी. एकावर एक. दोन वेढे नकोत. मास्किंग टेप नको, विजेची काळी टेप तर नकोच. टेपचं काम एवढंच की बूस्टर जळत असताना दोन तोंडं एकमेकांना चिकटून राहावीत आणि थर फुटताच सुटावीत. टेप नसेल तर मधली हवा आधी दाबली जाते, टप्पे अलग होतात, ज्वाळा पोचते तेव्हा नॉझल चार बोटं दूर गेलेलं असतं. टेप जाड असेल तर वरची मोटर पेटल्यावरही बूस्टर लोंबकळत राहतो.

मोटर माउंट

वरच्या टप्प्यात थ्रस्ट रिंग, म्हणजे मोटरला पुढे सरकू न देणारी कडी, चिकटवली, बूस्टरमध्ये मुद्दाम नाही. बूस्टरची मोटर वर ढकलते ती थेट वरच्या मोटरला, आणि वरची मोटर थ्रस्ट रिंगला. बूस्टरची ट्यूब नुसती ओढत नेली जाते. बूस्टरमध्येही रिंग बसवली तर दोन मोटरच्या मध्ये फट राहते. ही चूक सवयीच्या हातांकडून होते, कारण एका टप्प्याच्या प्रत्येक किटमध्ये रिंग असतेच.

वरची बीटी-२० ट्यूब बॉडी ट्यूबच्या काठापासून १२ मि.मी. आत ठेवली. बूस्टरचा कपलर, म्हणजे दोन ट्यूब जोडणारी आतली नळी, तेवढा आत शिरतो. कपलर आत-बाहेर सहज सरकायला हवा. तपासणी अशी : वरचा टप्पा हातात उभा धरा, मोटर न घालता बूस्टर लावा, हलकेच हलवा. बूस्टर आपल्या वजनानं निसटला पाहिजे. अडकत असेल तर कपलर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून त्यावर टाल्कम पावडर चोळावी. दमट हवेत कागदी ट्यूब फुगते, म्हणून ही तपासणी घरात एकदा आणि मैदानावर पुन्हा.

बूस्टरच्या आतल्या वरच्या काठाला पातळ सायनो (झटपट चिकटणारा गोंद) पाजला. दर उड्डाणात तिथे ज्वाळा लागते. कोरा पुठ्ठा दोन-तीन उड्डाणांत पापडासारखा सुटतो.

फिन

बाल्साच्या रेषा पुढच्या कडेला समांतर हव्यात. लेझरनं कापलेल्या बाल्साच्या फळीत हे बहुधा बरोबर असतं, तरी बघून घ्यावं. रेषा आडव्या गेल्या तर फिन मुळाशी मोडतो. पुढची कड गोल, मागची निमुळती, ट्यूबला चिकटणारी कड मात्र चौकोनीच.

घासून झाल्यावर प्रत्येक फिनवर साधा प्रिंटरचा कागद ग्लू स्टिकनं चिकटवला आणि रात्रभर पुस्तकांखाली दाबून ठेवला. यात दोन फायदे : रेषा भरत बसावं लागत नाही आणि फिन ताठ होतो. कागद दोन्ही बाजूंना एकाच वेळी लावला पाहिजे, नाहीतर फिन पापडीसारखा वाकतो.

चिकटवायला पिवळा सुतारी गोंद. फिनच्या मुळाला गोंद लावायचा, जागेवर टेकवायचा, लगेच काढायचा, दोन-चार मिनिटं चिकट होऊ द्यायचा, मग पुन्हा पातळ हात देऊन बसवायचा. ट्यूबचा कागद गोंद पितो, म्हणून हा दुहेरी सांधा. सायनो पटकन धरतो पण ठिसूळ; जमिनीवर आदळला की फिन कडेपासून स्वच्छ सुटतो. कोपऱ्यातल्या भरावाला पातळ गोंद वापरला तर सुकताना आत बुडबुडे येतात. घट्ट ट्रिम ग्लूचे दोन पातळ थर बरे.

बूस्टरचे फिन वरच्या फिनच्या रेषेत लावले. वाऱ्याच्या हिशेबानं याची सक्ती नाही, पण लाँच लग (उड्डाणाच्या रॉडवर सरकणारी छोटी नळी) दोन्ही टप्प्यांवर असल्यानं जुळणीची खूण लागतेच. दोन्ही लग एका रेषेत नसतील तर रॉकेट रॉडवर अडकतं. रॉड ३.२ मि.मी.चा.

तोल

इथे घाई नाही. दिवाळीच्या बाणाला काडी असते, मॉडेल रॉकेटला फिन, काम एकच : वाऱ्याच्या दाबाचं केंद्र वजनाच्या केंद्राच्या मागे ठेवणं. गुरुत्वमध्य दाबमध्याच्या पुढे निदान एक ट्यूब-व्यास असावा, म्हणजे इथे २५ मि.मी. दोन टप्प्यांत हा हिशेब दोनदा करावा लागतो. एकदा पूर्ण जोडलेलं रॉकेट दोन्ही मोटरांसह, एकदा नुसता वरचा टप्पा त्याच्या मोटरसह.

पहिली स्थिती वाईट असते, कारण दोन्ही मोटर शेपटाकडे. बूस्टरचे फिन मोठे का, याचं उत्तर तेच. दाबमध्य ओपनरॉकेट या संगणक प्रोग्रॅममध्ये काढला, गुरुत्वमध्य मात्र खऱ्या मोटर घालून दोऱ्याच्या फासात तोलून. दोन बी मोटरांना अंतर १.६ व्यास आलं, दोन सी मोटरांना १.२. हे रंगाच्या आधीचे आकडे. रंगाचा मोठा वाटा फिनवर बसतो आणि फिन मागे असतात, त्यामुळे अंतर पुन्हा थोडं घटतं.

नाकात माती भरून अंतर वाढवता येतं, पण वजनाची मर्यादा आडवी येते. उलट अंतर तीन-चार व्यासांवर नेलं तर रॉकेट कोंबड्याच्या वातदर्शकासारखं वाऱ्याकडे तोंड वळवतं. दोन टप्प्यांत हे जास्त महागात पडतं, कारण दुसरी मोटर पेटते ती रॉकेट ज्या दिशेला झुकलं असेल त्याच दिशेला.

रंग

करडा प्रायमर, ४०० नं घासून पुन्हा हलका हात, मग पांढरा, मग वरच्या टप्प्याला लाल आणि बूस्टरला भगभगीत नारिंगी. बूस्टरला पॅराशूट नाही, तो गटांगळ्या खात जवळच पडतो आणि गवतात दिसेनासा होतो. बूस्टरला सुंदर रंग देणाऱ्यांचं कौतुक, पण शोधायला नारिंगीच बरा.

कपलर आणि त्याची आतली जागा मास्किंग टेपनं झाकली. तिथे रंगाचा एक थर बसला तरी सरकता सांधा घट्ट होतो. पट्ट्यांची कड स्वच्छ यावी म्हणून टेप लावल्यावर आधी खालचाच पांढरा रंग हलका फवारला, टेपखालची फट त्यानं बुजते. लॅकर आणि इनॅमल एकावर एक मारू नयेत, सुरकुत्या पडतात. दमट दिवशी फवारलं की चमक जाऊन पांढुरकी झाक येते.

वजनाची वही : रंगाआधी ५७ ग्रॅम, पॅराशूट-वॅडिंगसह. रंग आणि क्लिअर कोटनंतर ६६. सी६-० साधारण २३ ग्रॅम, सी६-७ साधारण २५. एकूण ११४. सी६-० ची उड्डाणवजनाची मर्यादा ११३. एका ग्रॅमानं आकाश कोसळत नाही, पण मर्यादेवर बसलेलं रॉकेट रॉड सोडताना मंद असतं. क्लिअर कोट घासून बराचसा काढला, प्लास्टिकच्या पॅराशूटऐवजी लांब स्ट्रीमर (फडफडणारी पट्टी) घातला. आता १११. चकाकी गेली, फोटोत वाईट दिसतं.

मोटरची निवड

पहिलं उड्डाण बी६-० खाली, ए८-५ वर. सी६-० सुमारे १.९ सेकंद जळते, बी६-० एक सेकंदाच्या आत. सुरुवातीचा जोर दोघींचा साधारण सारखाच, पण बी हलकी, आणि टप्पा बदलतो तेव्हा रॉकेट अजून सरळ आणि नजरेत असतं. वरच्या टप्प्याला लांब विलंब का : तो पेटतो तेव्हाच वेगात असतो, बारूद संपल्यावरही बराच वेळ वर जात राहतो. एका टप्प्याच्या सवयीनं ए८-३ घातली तर स्ट्रीमर भर वेगात उघडतो आणि शॉक कॉर्ड, म्हणजे नाक ट्यूबला बांधून ठेवणारी दोरी, ट्यूब चिरते.

मोटर घालण्याचा क्रम : आधी जोडाला सेलोटेप. मग वरच्या मोटरला मास्किंग टेपचे वेढे देऊन ती थ्रस्ट रिंगला टेकेपर्यंत वरच्या टप्प्यात. ही घट्टच हवी, नाहीतर बार स्ट्रीमरला न फेकता मोटरच मागे फेकतो. मग खालच्या मोटरवर बूस्टर चढवायचा. तो चढवताना खालच्या मोटरचं नॉझलकडचं टोक अंगठ्यानं वर दाबून धरायचं. चढवताना बूस्टर मागे ओढला गेला तर घर्षणानं खालची मोटरही मागे ओढली जाते आणि सेलोटेप आतल्या आत फाटतो. बाहेरून काही दिसत नाही.

बूस्टरमध्येही मोटर घट्ट हवी. रिकामी नळी वाटेत निसटली तर बूस्टर हलका होऊन तरंगत कुठेही जातो.

उड्डाण

कापणी झालेलं मक्याचं शेत, वारा ताशी अंदाजे ८ कि.मी. नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री या अमेरिकेतल्या छांदिष्टांच्या संघटनेच्या नियमांत वाऱ्याची मर्यादा ताशी ३२ कि.मी. आहे, दोन टप्प्यांना त्याच्या निम्म्यावरही थांबावं. मोटरांचा एकूण आवेग (जोर गुणिले वेळ) २० न्यूटन-सेकंदांपर्यंत असेल तर मैदान निदान १५२ मीटर हवं. रॉडपासून ५ मीटर हा नियम, आपण १० वर उभे. सुकं गवत रॉडभोवती साफ केलं. वरचा टप्पा न पेटता खाली आला तर मोटर अजून भरलेली असते, म्हणून पाण्याची बादली जवळ.

पहिलं, बी-ए : स्वच्छ. टप्पा बदलल्याचा आवाज वेगळा ऐकू आला, बूस्टर रॉडपासून तीसेक पावलांवर.

दुसरं, बी६-० आणि बी६-६ : इग्नायटर जळला, मोटर पेटली नाही. साठ सेकंद थांबून पाहिलं, इग्नायटरचं टोक बारुदाला टेकलेलं नव्हतं. नवा घालून त्याला धरून ठेवणारा प्लग घट्ट दाबला. उड्डाण ठीक, थोडं वाऱ्याकडे झुकलेलं.

तिसरं, सी६-० आणि सी६-७ : रॉडवरून जड उठलं, टप्पा बदलला तेव्हा झुकाव दहा-पंधरा अंश. वरचा टप्पा शेताच्या दुसऱ्या टोकाला मिळाला. पुढच्या वेळी रॉड १२० सें.मी.चा आणि सकाळची शांत हवा, नाहीतर सी-सी नको.

भारतातल्या वाचकांसाठी : या मोटर विमानाच्या सामानात नेता येत नाहीत, हातातल्याही नाही आणि खालच्याही नाही. तिथे बारूद स्फोटक कायद्याखाली येतं. घरी मोटर भरण्याचा विचारही करू नये.

बाकी कामं : बूस्टरचा एक फिन केसभर सैल, भराव पुन्हा. कपलरवरची काजळी ओल्या फडक्यानं पुसून पावडर. वरच्या ट्यूबच्या आत चिकटलेला वॅडिंगचा तुकडा काढणं, तो राहिला तर पुढचा स्ट्रीमर अडकेल. तिसऱ्या टप्प्यासाठी डी१२-० चा विचार आहे. त्याला २४ मि.मी.चं माउंट लागतं, आणि बीटी-५० ची आतली मापंच २४.१ असल्यानं तो बूस्टर रिंगांशिवाय, मोटर थेट ट्यूबमध्ये असा होईल. २४ मि.मी.च्या तोंडावर १८ मि.मी.चं नॉझल नीट मध्यावर कसं बसवायचं, यावर कागद काढून बसलो आहोत.