ताईच्या नाकाची पट्टी निघाली

नाकाचा आकार बदलायच्या सर्जरीनंतर आज ताईच्या नाकावरची पट्टी आणि स्प्लिंट (नाकाला आधार देणारा कडक साचा) काढलं. आरशात बघितलं आणि तिचा चेहराच पडला. नाक फुगलेलं, डोळ्यांखाली हिरवट-पिवळे डाग, शेंडा बधिर. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं: डाग साधारण 2 आठवड्यांत जातात, बरीचशी सूज काही आठवड्यांत उतरते, पण शेंड्याचा खरा आकार दिसायला वर्षही लागतं. सध्या उशी उंच ठेवायची, नाक शिंकरायचं नाही, चष्म्याचा भार नाकावर नको.

सर्जरीचा विचार करत असाल तर डॉक्टर दाखवतात ते सर्जरी'नंतर'चे फोटो किती महिन्यांनी काढलेत, हे नक्की विचारा. आणि पहिल्या आठवड्यात रात्री सोबत कुणीतरी हवंच. नाक बंद, तोंडाने श्वास, घसा कोरडा. ताई घोटभर पाण्यासाठी सारखी उठायची.